१०१-३१ : एकतीस वेळा हरूनही सर्वांत यशस्वी प्रशिक्षक कसा?

२०२२ चा गुढीपाडवा शनिवारी, २ एप्रिलला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळत असताना पुतणीचा फोन आला. ती तेव्हा अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या चॅपल हिलला शिकत होती आणि तिच्याकडे शनिवारची रात्र अजून सरली नव्हती. मागे इतका जल्लोष चालू होता की तिचं अर्धं बोलणं ऐकूच येईना. कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत, उपांत्य सामन्यात, तिच्या विद्यापीठाने जवळच्याच ड्यूक विद्यापीठाला ८१-७७ असं हरवलं होतं आणि सगळं गाव फ्रँकलिन स्ट्रीटवर उतरलं होतं.

ड्यूकचे प्रशिक्षक माइक शशेफ्स्की यांचा तो शेवटचा सामना. बेचाळीस हंगाम एकाच विद्यापीठात काढून ते निवृत्त होत होते. आडनाव उच्चारायला अवघड म्हणून सगळे त्यांना 'कोच के' म्हणतात.

"काका, टीव्हीवर त्यांच्या नावाखाली १०१-३० असं लिहून येत होतं," ती म्हणाली. "आता १०१-३१ होणार. एकतीस वेळा हरलेल्या माणसाला हे लोक एवढं डोक्यावर का घेतात?"

त्या गोंगाटात उत्तर देणं शक्य नव्हतं. पण प्रश्न अगदी रास्त आहे. दर मार्च महिन्यात प्रशिक्षकांच्या नावापुढे राष्ट्रीय स्पर्धेतल्या विजय-पराभवांचे असे जोड-आकडे (आधी विजय, मग पराभव) छापून येतात, त्यावरून 'हा मोठा की तो मोठा' असे वाद रंगतात, आणि हा आकडा नेमका वाचायचा कसा हे क्वचितच कोणी सांगतं. क्रिकेट कप्तानाचा विजय-पराजयाचा हिशेब आपण ज्या डोळ्यांनी वाचतो, त्या डोळ्यांनी हा वाचला तर हमखास चूक होते.

आधी स्पर्धा समजून घेऊ

अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या खेळांचा कारभार एनसीएए ही संस्था पाहते. तिच्या सर्वांत वरच्या श्रेणीत साडेतीनशेहून जास्त विद्यापीठांचे बास्केटबॉल संघ आहेत. ही विद्यापीठं वेगवेगळ्या गटांत विभागलेली असतात, त्या गटांना कॉन्फरन्स म्हणतात. नोव्हेंबरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत नियमित हंगाम चालतो. मग एका रविवारी संध्याकाळी निवड समिती राष्ट्रीय स्पर्धेसाठी ६८ संघांची यादी जाहीर करते. कॉन्फरन्स जिंकणारे थेट आत येतात, उरलेल्या जागा समिती भरते. त्यातल्या आठ संघांच्या चार लढती आधी उरकल्या की राहतात ६४ संघ.

इथून पुढे हरला तो घरी. मालिका नाही, परतीचा सामना नाही. सलग सहा सामने जिंकले की विजेतेपद. शेवटच्या चार संघांच्या टप्प्याला 'फायनल फोर' म्हणतात, आणि तिथवर पोहोचणं हाच मोठा मान समजला जातो. तीन आठवडे हा प्रकार चालतो. त्या काळात कचेऱ्यांत, वर्गांत, हॉटेलांत दुसरा विषय नसतो. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना 'मार्च मॅडनेस' वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

६४ संघ चार विभागांत वाटतात. प्रत्येक विभागात १ ते १६ असं मानांकन असतं, टेनिसमध्ये असतं तसंच. पहिलं मानांकन सर्वांत बलवान संघाला. पहिल्या फेरीत पहिल्याची गाठ सोळाव्याशी, दुसऱ्याची पंधराव्याशी. म्हणजे हंगामभर मेहनत केलेल्याला सोपी सुरुवात मिळते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो फार कामाला येणार आहे.

आणि प्रशिक्षकाचंच एवढं का? कारण खेळाडू येतात आणि जातात. कोणी चार वर्षं राहतो, फार गुणी असेल तर एका वर्षातच व्यावसायिक लीगमध्ये निघून जातो. वीस-तीस-चाळीस वर्षं मैदानाच्या कडेला उभा राहतो तो प्रशिक्षक. म्हणून इतिहास त्याच्या नावावर जमा होतो.

संगीत खुर्चीत हरणं म्हणजे काय?

लहानपणीची संगीत खुर्ची आठवा. दहा मुलं, नऊ खुर्च्या. शेवटी एकजण जिंकतो आणि बाकीचे नऊ एकेकदा बाद होतात. आता एखादा मुलगा दरवर्षी गणपतीत संगीत खुर्ची खेळतोय असं समजा. वीस वर्षं खेळला आणि तीनदा जिंकला, तर तो सतरा वेळा बाद झाला. हे 'सतरा' त्याच्याबद्दल काही वाईट सांगत नाही. तो वीस वर्षं खेळला आणि तीनदा जिंकला, एवढंच सांगतं.

बाद पद्धतीच्या स्पर्धेत प्रशिक्षकाचा पराभवांचा रकाना असाच भरतो. ज्या वर्षी स्पर्धेत गेला त्या वर्षी एक पराभव ठरलेला, विजेतेपदाचं वर्ष सोडून. कोच के ३६ वेळा स्पर्धेत गेले. पाचदा जिंकले: १९९१, १९९२, २००१, २०१० आणि २०१५. ३६ वजा ५ म्हणजे ३१. पुतणीला खटकलेला आकडा हाच.

नॉर्थ कॅरोलायनाचे रॉय विल्यम्स घ्या, ज्यांनी आधी कॅन्ससमध्येही पंधरा वर्षं काढली. त्यांची नोंद ७९-२७. ३० वेळा स्पर्धेत, तीन विजेतेपदं, उरले २७. इंडियानाचे आणि नंतर टेक्सास टेकचे बॉब नाइट ४५-२५. २८ वेळा, तीन विजेतेपदं, उरले २५. दरवेळी वजाबाकी चोख बसते.

तेव्हा पराभवांच्या रकान्यात कौशल्य शोधायला जाऊ नये. जी काही माहिती आहे ती विजयांच्या रकान्यात आहे. खरं तर जास्त पराभव असणं हे बहुतेकदा चांगलं लक्षण असतं. माणूस पुन्हा पुन्हा तिथे पोहोचला, हा त्याचा अर्थ.

टक्केवारी का फसवते?

"मग टक्केवारी काढा की," असं कोणी म्हणेल. काढून पाहू. १०१ विजय, ३१ पराभव म्हणजे साडेशहात्तर टक्के.

आता त्याच रात्री समोरच्या बाकावर कोण बसलं होतं ते पाहा. नॉर्थ कॅरोलायनाचे ह्युबर्ट डेव्हिस, मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिलाच हंगाम. आठव्या मानांकनाचा संघ घेऊन ते अंतिम सामन्यापर्यंत गेले आणि तिथे कॅन्ससकडून ७२-६९ असे हरले. त्यांची तेव्हाची नोंद ५-१. टक्केवारी त्र्याऐंशी! नुसती टक्केवारी धरली तर पहिल्या वर्षाचा प्रशिक्षक बेचाळीस हंगामांच्या माणसापेक्षा सरस ठरतो. डेव्हिस यांनी त्या वर्षी अप्रतिम काम केलं यात शंका नाही, पण या तुलनेला अर्थ नाही हे कोणालाही कळेल.

पुढच्या वर्षी जे झालं ते त्याहून बोलकं आहे. २०२२-२३ चा हंगाम सुरू होताना नॉर्थ कॅरोलायना देशात पहिल्या क्रमांकावर होती, आणि मार्च आला तेव्हा ६८ संघांच्या यादीत तिचं नावच नव्हतं. डेव्हिस यांच्या नोंदीत काय फरक पडला? काहीच नाही. ५-१ ची ५-१ राहिली. परीक्षेला बसलाच नाही तर नापासाचा शिक्का कसा बसणार? स्पर्धेच्या नोंदीतली सर्वांत मोठी पोकळी ही आहे. जो आत येऊन पहिल्याच सामन्यात हरला त्याला एक पराभव चिकटतो, जो आतच आला नाही त्याची पाटी कोरी राहते.

एका खेपेला किती विजय?

मला स्वतःला सर्वांत प्रामाणिक वाटणारं माप साधं आहे. एकूण विजयांना स्पर्धेत किती वेळा गेला त्या संख्येने भागा.

या मापाची गंमत अशी की सरासरी आपल्याला आधीच ठाऊक असते. ६४ संघांच्या तक्त्यात ६३ सामने होतात, म्हणजे ६३ विजय. ६४ प्रशिक्षकांत ६३ विजय वाटायचे. दर प्रशिक्षकामागे एक विजयसुद्धा पुरता येत नाही! म्हणून कोणाची सरासरी दोन असेल तर तो सामान्यापेक्षा दुप्पट चांगला चाललाय असं समजावं.

कोच के यांची सरासरी २.८ येते, रॉय विल्यम्स यांची २.६. नॉर्थ कॅरोलायनाचेच थोर प्रशिक्षक डीन स्मिथ ६५-२७, स्पर्धेत २७ वेळा, सरासरी २.४. बॉब नाइट १.६. आणि बटलर या लहानशा विद्यापीठाचे ब्रॅड स्टीव्हन्स? पाच वेळा स्पर्धेत, १२-५, सरासरी २.४, म्हणजे डीन स्मिथ यांच्या बरोबरीला. स्टीव्हन्स यांनी २०१० आणि २०११ अशी सलग दोन वर्षं बटलरला अंतिम सामन्यात नेलं आणि नंतर व्यावसायिक लीगमध्ये गेले. पाच खेपांची सरासरी आणि सत्तावीस खेपांची सरासरी एकाच तागडीत घालू नये हे खरं, पण बटलरसारख्या ठिकाणी हे करून दाखवणं किती अवघड आहे ते या मापात दिसतच नाही. ते दिसण्यासाठी मानांकनाकडे वळायला हवं.

लातूरचा क्लास आणि पहिलं मानांकन

आपल्याकडे निकाल लागला की क्लासच्या जाहिराती येतात: आमचे इतके विद्यार्थी नव्वद टक्क्यांच्या पुढे. लातूर असो वा पुणे, जाणता पालक लगेच विचारतो, प्रवेश देताना किती टक्केवाली मुलं घेतली होती? पंच्याण्णव टक्क्यांची मुलं घेऊन पंच्याण्णव काढणं वेगळं, सत्तरची मुलं घेऊन पंच्याऐंशी काढणं वेगळं.

बास्केटबॉलमध्ये 'प्रवेशाच्या वेळचे गुण' म्हणजे मानांकन. १९८५ साली स्पर्धा ६४ संघांची झाली. तेव्हापासून २०२५ पर्यंत पहिल्या विरुद्ध सोळाव्या मानांकनाचे १६० सामने झाले, त्यातले फक्त दोन सोळाव्याने जिंकले. पहिल्या मानांकनाचा संघ एका स्पर्धेत सरासरी तीनपेक्षा थोडे जास्त सामने जिंकतो, दुसऱ्या मानांकनाचा दोनपेक्षा थोडे जास्त, पाचव्याचा जेमतेम एक. तेव्हा प्रत्येक वर्षी प्रशिक्षकाच्या हातात कितवं मानांकन होतं ते बघायचं, त्या मानांकनाला साधारण किती विजय मिळतात ते काढायचं आणि प्रत्यक्ष विजयांतून वजा करायचं. अपेक्षेपेक्षा वर गेला की खाली, ते कळतं.

या मापावर मिशिगन स्टेटचे टॉम इझो यांचं नाव नेहमी निघतं. विजेतेपद एकच, २००० सालचं. पण २००५ आणि २०१० मध्ये पाचव्या मानांकनाचा, २०१५ मध्ये सातव्या मानांकनाचा संघ घेऊन ते फायनल फोरमध्ये गेले. सातव्या मानांकनाकडून जेमतेम एका विजयाची अपेक्षा असते, त्यांनी चार मिळवले. पहिल्या आणि दुसऱ्या फेरीत मध्ये फक्त एक दिवस असतो. प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास करून, मुलांना तो शिकवून पुन्हा मैदानात उतरायचं. इझोंची माणसं या एका दिवसाच्या तयारीसाठी प्रसिद्ध आहेत. म्हणूनच अमेरिकेत जानेवारी, फेब्रुवारी, इझो, एप्रिल असे महिने मोजतात. पण त्याच इझोंचा दुसऱ्या मानांकनाचा संघ २०१६ मध्ये पंधराव्या मानांकनाच्या मिडल टेनेसीकडून पहिल्याच सामन्यात हरला, हेही सांगायला हवं.

एक माणूस, दोन मार्च

मला या सगळ्या विषयातली सर्वांत जवळची गोष्ट व्हर्जिनियाच्या टोनी बेनेट यांची आहे.

१६ मार्च २०१८, शार्लट शहर. व्हर्जिनियाला सगळ्या ६८ संघांत पहिलं स्थान होतं. समोर सोळाव्या मानांकनाचा यूएमबीसी हा मेरीलँडमधला संघ. त्याआधी पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्याने पहिल्याला एकदाही हरवलं नव्हतं. मध्यंतराला बरोबरी होती. शेवटी व्हर्जिनिया ७४-५४ अशी हरली, वीस गुणांनी. बेनेट यांच्याबद्दल आधीपासून कुजबुज होती की हंगामभर जिंकतात आणि मार्चमध्ये ढेपाळतात. त्या रात्री ती कुजबुज शिक्का बनली.

वर्षभराने, ८ एप्रिल २०१९ रोजी मिनियापोलिसमध्ये, तोच प्रशिक्षक आणि बराचसा तोच संघ राष्ट्रीय विजेता ठरला.

आता त्या शेवटच्या तीन सामन्यांकडे जवळून बघा. विभागाच्या अंतिम लढतीत पर्ड्यूविरुद्ध वेळ संपत आलेली, संघ दोन गुणांनी मागे. फ्री थ्रो (प्रतिस्पर्ध्याच्या फाउलनंतर मिळणारी एका गुणाची मोकळी फेक) हुकला, चेंडू मागे उडाला, अर्ध्या मैदानातून धावत जाऊन एकाने तो पकडून पुढे फेकला आणि मामादी डियाकिटेने घंटा वाजण्याच्या क्षणी टाकला. बरोबरी, मग जादा वेळेत ८०-७५. उपांत्य सामन्यात ऑबर्नविरुद्ध दोन गुणांनी मागे, घड्याळात ०.६ सेकंद, आणि काइल गाय या मुलाला तीन फ्री थ्रो. तिन्ही आत. ६३-६२. अंतिम सामन्यात टेक्सास टेकविरुद्ध पुन्हा मागे, डीआंद्रे हंटरने शेवटच्या काही सेकंदांत तीन गुणांची बास्केट केली, बरोबरी झाली आणि जादा वेळेत ८५-७७. तीनपैकी एक जरी चेंडू रिंगवरून बाहेर गेला असता, तरी बेनेट आजही 'मार्चमध्ये हरणारे' म्हणून ओळखले गेले असते.

२०१८ मध्ये पहिल्या मानांकनावर शून्य विजय, २०१९ मध्ये पहिल्याच मानांकनावर सहा. दोन वर्षांची सरासरी तीन. पहिल्या मानांकनाकडून साधारण जेवढी अपेक्षा असते तेवढीच! अपेक्षेच्या मापाने बघितलं तर या दोन वर्षांत मिळून बेनेट ना घसरले ना उडाले. लोकांनी मात्र एका वर्षी त्यांना मोडीत काढलं आणि दुसऱ्या वर्षी मखरात बसवलं.

नशिबाचा वाटा किती?

एक छोटा हिशेब. तुमचा संघ इतका भारी आहे की कोणत्याही सामन्यात जिंकण्याची शक्यता ऐंशी टक्के. सहाही सामने जिंकण्याची शक्यता किती? सुमारे सव्वीस टक्के. नव्वद टक्के धरली तरी त्रेपन्न, म्हणजे नाणेफेकीहून किंचित बरी. भारतीय वाचकाला हे वेगळं पटवायला नको. २०२३ च्या विश्वचषकात आपला संघ सलग दहा सामने जिंकला आणि अकरावा, अहमदाबादचा, हरला.

त्यात बास्केटबॉलचा सामना चाळीस मिनिटांचा. कसोटी क्रिकेटमध्ये दुबळा संघ क्वचित जिंकतो, वीस षटकांत मात्र कोणीही कोणालाही उलथवतं. संधी जितक्या कमी तितकी उलथापालथ जास्त. बेनेट यांचा संघ मुद्दाम संथ खेळायचा, त्यामुळे एका सामन्यात चेंडू हातात येण्याच्या पाळ्या कमी व्हायच्या. या शैलीमुळे बलवान संघ स्वतःच दुबळ्याला संधी देतो, असं अनेक जाणकार म्हणत. मला या युक्तिवादात तथ्य वाटतं, पण त्याच शैलीने २०१९ चं विजेतेपदही आणलं.

कोच के यांचीही एक बाजू सांगतो. २०१० च्या अंतिम सामन्यात ड्यूक ६१-५९ ने पुढे असताना बटलरच्या गॉर्डन हेवर्डने मैदानाच्या मध्यावरून चेंडू फेकला. तो फळीवर आपटला, रिंगला लागला आणि बाहेर पडला. चार बोटं इकडे पडला असता तर कोच के यांची विजेतेपदं चार झाली असती आणि ब्रॅड स्टीव्हन्स यांचं एक.

मग वूडन यांचं काय?

इथवर आल्यावर जुना चाहता हमखास अडवतो: "दहा विजेतेपदं नशिबाने येतात का?" लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचे जॉन वूडन. १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा विजेतेपदं, त्यातली सात सलग. स्पर्धेतली नोंद ४७-१०.

नशिबाने येत नाहीत, हे आधी मान्य करतो. पण ही नोंद उघडून बघण्यासारखी आहे. १६ वेळा स्पर्धेत आणि १० विजेतेपदं, तर पराभव सहा हवेत. दहा कसे? कारण त्या काळी हरलेल्यांनाही एक सामना खेळवायचे, तिसऱ्या क्रमांकासाठी. विभागीय पातळीवर ही प्रथा १९७५ पर्यंत होती, राष्ट्रीय पातळीवर १९८१ पर्यंत. वूडन यांचे चार पराभव असल्या सामन्यांतले. डीन स्मिथ यांच्या सत्तावीसपैकी दोनही तसेच.

दुसरी गोष्ट मला फार आवडते. वूडन १९४८ मध्ये यूसीएलएला आले आणि पहिलं विजेतेपद त्यांना सोळाव्या हंगामात मिळालं. १९६३ पर्यंतची त्यांची स्पर्धेतली नोंद होती तीन विजय, नऊ पराभव. त्यानंतरची चव्वेचाळीस विजय, एक पराभव. तो एक १९७४ चा, नॉर्थ कॅरोलायना स्टेटविरुद्ध, दोनदा जादा वेळ द्यावा लागला तेव्हाचा. आजच्या काळात ३-९ नोंद असलेला प्रशिक्षक सोळाव्या हंगामापर्यंत टिकला असता का? मला शंका आहे.

आणि तिसरी गोष्ट काळाची. तेव्हा स्पर्धेत २२ ते २५ संघ असत. यूसीएलएसारख्या कॉन्फरन्स विजेत्याला पहिली फेरी खेळावी लागत नसे, चार विजयांत विजेतेपद. दहापैकी नऊ विजेतेपदं अशीच, १९७५ चं पाच विजयांचं. एका कॉन्फरन्समधून एकच संघ जायचा, त्यामुळे देशातले काही उत्तम संघ घरीच बसत. १९७१ मध्ये यूसीएलएच्याच शहरातला सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा संघ २४ सामने जिंकून फक्त दोन हरला होता, दोन्ही यूसीएलएकडून. त्याला राष्ट्रीय स्पर्धेचं दार उघडलं नाही. गाठीही भूगोलानुसार पडत, म्हणून पश्चिमेचा संघ पश्चिमेतच खेळे. मानांकनाची पद्धत १९७९ ची.

दुसऱ्या बाजूने वूडन यांच्या काळात वर्षाला एकच संघ विजेता होई तसा आजही होतो, आणि सलग सात वर्षं तो एकच होता. लू अल्सिंडर, जे पुढे करीम अब्दुल-जब्बार झाले, आणि बिल वॉल्टन यांच्यासारखे खेळाडू त्यांच्याकडे आले हे खरं. पण १९६४, १९६५, १९७०, १९७१ आणि १९७५ ही पाच विजेतेपदं या दोघांशिवायची आहेत. चार विजयांच्या वाटेने दहा आणि सहा विजयांच्या वाटेने पाच, यांची अचूक तुलना करणारं सूत्र कोणाकडे नाही. माझा कौल विचाराल तर सर्वोच्च शिखर वूडन यांचं आणि सर्वांत लांब पठार कोच के यांचं.

"विजेतेपदं मोजा, बाकी सगळं फोल"

हा आक्षेप मला पटत नाही, आणि त्याचं कारण गोन्झागाचे मार्क फ्यू. १९९९ च्या जुलैत ते मुख्य प्रशिक्षक झाले, आणि तेव्हापासून २०२५ पर्यंत झालेल्या प्रत्येक राष्ट्रीय स्पर्धेत गोन्झागा आहे. कोरोनामुळे २०२० ची स्पर्धा झालीच नाही, ती सोडून. स्पोकेनसारख्या आडबाजूच्या शहरातल्या लहान विद्यापीठाला त्यांनी २०१७ आणि २०२१ मध्ये अंतिम सामन्यात नेलं. २०२१ मध्ये तर अंतिम सामन्याआधी एकही पराभव नव्हता. विजेतेपदं मात्र शून्य. शून्य आणि एक यांच्यातला फरक किती सेकंदांचा असतो ते बेनेट यांच्या गोष्टीत आपण पाहिलंच.

उलट बाजूचा आक्षेप जास्त खोल आहे: "मानांकन वजा केलं की चांगलं मानांकन मिळवणाऱ्यालाच शिक्षा होते." हे बरोबर आहे. पहिलं मानांकन आकाशातून पडत नाही, ते चार महिन्यांच्या विजयांतून येतं आणि तेही प्रशिक्षकाचंच काम असतं. पहिल्या मानांकनाचा प्रशिक्षक सगळं जिंकला तरी अपेक्षेपेक्षा तीनहून कमी विजयांनी वर जातो, आणि पहिल्याच सामन्यात हरला तर तीनहून जास्तने खाली. पंधराव्या मानांकनाच्या प्रशिक्षकाला एका विजयातच सगळं मिळतं. म्हणून मानांकनाचं माप मार्चच्या तीन आठवड्यांबद्दल सांगतं, प्रशिक्षकाच्या उंचीबद्दल नाही. क्लासच्या उदाहरणात बोलायचं तर पंच्याण्णव टक्क्यांची मुलं आपल्याकडे यावीत असं नाव कमावणं हीही एक कमाई आहे.

अलीकडचं उदाहरण कनेक्टिकटचे डॅन हर्ली. तिथल्या पहिल्या दोन स्पर्धांत, २०२१ आणि २०२२ मध्ये, ०-२. मग २०२३ आणि २०२४ ची विजेतेपदं, बारा सामने, बाराही दहा किंवा जास्त गुणांनी जिंकलेले. २०२५ मध्ये आणखी एक विजय, आणि मग फ्लोरिडाकडून ७७-७५ असा दोन गुणांनी पराभव. फ्लोरिडा त्या वर्षी विजेती झाली. २०२२ च्या मार्चमध्ये त्यांची नोंद वाचून कोणी काय भविष्य वर्तवलं असतं?

वहीतून खोडलेले सामने

एक भानगड उरते. नियम मोडल्याचं सिद्ध झालं तर एनसीएए जुने विजय रद्द करते. रिक पिटीनो यांच्या लुईव्हिलने २०१३ मध्ये विजेतेपद मिळवलं, २०१८ मध्ये ते रद्द झालं. हरलेल्या मिशिगनला ते मिळालं नाही, त्या वर्षाची जागाच रिकामी राहिली. जॉन कॅलिपारी यांच्या मेम्फिसची २००८ ची अंतिम सामन्यापर्यंतची वाटचालही अशीच खोडली गेली. त्यामुळे एकाच प्रशिक्षकाच्या दोन नोंदी वाचायला मिळतात, एक प्रत्यक्ष झालेल्या सामन्यांची, दुसरी अधिकृत. यादी कुठलीही वाचा, ती यातली कोणती आहे ते आधी बघा. सामने झाले होते, लाखो लोकांनी पाहिले होते, ही गोष्ट मात्र कागदावरून खोडता येत नाही.

महिलांचा हिशेब

महिलांची एनसीएए स्पर्धा १९८२ पासून सुरू आहे. कनेक्टिकटचे जीनो ऑरिएमा यांनी २०२५ मध्ये बारावं विजेतेपद मिळवलं, पुरुषांत किंवा महिलांत इतकी कोणाचीच नाहीत. वरच्या मानांकनाच्या १६ संघांना तिथे पहिल्या दोन फेऱ्या घरच्या मैदानावर मिळतात, त्यामुळे बलवान संघ सुरुवातीला कमी घसरतात. पुरुष आणि महिला प्रशिक्षकांचे आकडे शेजारी ठेवताना हे ध्यानात घ्यावं लागतं.

यातलं तोवर घडलेलं सगळं पुतणीला मी पुढच्या रविवारी निवांत सांगितलं. मग टेनेसीच्या पॅट समिट यांची नोंद तिला दिली, ११२-२३. एवढंच सांगितलं की १९८२ पासून २०१२ पर्यंत त्या एकही वर्ष चुकल्या नाहीत, एकतीसच्या एकतीस वेळा त्यांचा संघ स्पर्धेत होता.

दोन सेकंद शांतता, मग ती म्हणाली, "म्हणजे आठ विजेतेपदं."